आपल्याच पोटातले

इंद्रभान खामगावला कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात कामाला होता. त्याची बायको पंचफुला सोनाळ्याला सासूजवळ राहायची. जमेल तेव्हा तो घरी यायचा, एक-दोन दिवस राहून परत जायचा. आणि तो गेला की पंचफुलाला लघवीची आग सुरू व्हायची.

पहिल्यांदा तिला वाटलं, उन्हाळी लागली. ती धने भिजवलेलं पाणी प्यायली. पुढच्या वेळी दुकानातून सल्फाच्या गोळ्या आणल्या. आग थांबल्यावर उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून दिल्या, त्याच नंतर पुन्हा घेतल्या. पण हळूहळू त्या लागू पडेनात. कापसाची पऱ्हाटी उपटून झाल्यावर रान उघडं पडायचं, बाईमाणसाला आडोसा उरायचा नाही. म्हणून ती शेतात पाणीच प्यायची नाही आणि अंधार पडेपर्यंत लघवी दाबून राहायची.

एक दिवस विहिरीवर एक बाई कुणाबद्दल तरी हळूच बोलली, "शहरातल्या बाईकडून नवऱ्यानं गरमीचा रोग आणला अन् बायकोले देला."

पंचफुलानं ते ऐकलं. इंद्रभान येणं आणि आग होणं, दोन्हीचा मेळ तिच्या मनात बसला तो बसलाच.

पुढच्या वेळी तो आला तेव्हा तिनं आपलं अंथरूण सासूजवळ घातलं.

"काऊन वं? काही झालं का?" त्यानं विचारलं.

"काही नाई," ती म्हणाली. तो पडलेल्या तोंडानं खामगावला परतला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शेतात भर उन्हात तिला थंडी वाजून आली. पाठीत एका बाजूला कळ निघाली, उलट्या झाल्या. सासू तानाबाई घाबरली. तिनं एसटीनं सुनेला थेट खामगावला नेलं, डॉक्टर कौशल्याबाईंच्या दवाखान्यात.

कौशल्याबाईंनी पाठीवर हलकेच ठोकून पाहिलं, पंचफुला किंचाळली. "संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलाय," त्या म्हणाल्या. त्यांनी तिला दाखल करून घेतलं, लघवी तपासायला ठेवली आणि इंजेक्शनं सुरू केली. निरोप मिळताच इंद्रभान अंगावरच्या कापसाच्या पुंजक्यांसकट धावत आला. पंचफुलानं भिंतीकडे तोंड केलं. तो दाराशी बसून राहिला. आत जाऊ की नको, तेही त्याला कळेना.

ताप उतरायला लागल्यावर, सासू चहा आणायला गेलेली पाहून पंचफुलानं डॉक्टरीणबाईंचा हात धरला.

"बाई, खरं सांगजा. हे मले माह्या नवऱ्यानं देलं का?"

कौशल्याबाई उठल्या. आतून एक काचेची बशी घेऊन आल्या. बशीत थिजलेल्या पेजेसारखा थर होता, त्यावर कागदाच्या बारीक चकत्या ठेवलेल्या होत्या.

"या थरावर तुमच्या लघवीतले जंतू वाढवलेत. प्रत्येक चकतीला वेगळं औषध लावलंय. ही सल्फाची, पाहा. जंतू अगदी हिला खेटून वाढलेत, त्यांना तिची भीतीच नाही. आणि या दुसरीभोवती गोल जागा मोकळी आहे. इथं ते मेले. हेच औषध तुम्हाला देतेय."

"पण आले कुठून ते?"

"तुमच्याच पोटातून. हे जंतू सगळ्यांच्याच आतड्यात असतात, तिथं त्रास देत नाहीत. बाईमाणसाची लघवीची वाट आखूड, त्यामुळं ते लघवीच्या पिशवीत सहज चढतात. नवरा-बायको जवळ आले की ते पुढं ढकलले जातात, एवढाच नवऱ्याचा संबंध. बहुतेक जंतू धारेबरोबर वाहून जातात, पण काही चिकट निघतात, धार आली तरी धरून बसतात. कसे, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. तुम्ही लघवी दाबून धरलीत, त्यांना वाढायला वेळ मिळाला. अर्ध्या गोळ्या खाल्ल्यात, कच्चे मेले. ज्यांना ती गोळी सोसली ते उरले, आणि पुढची सगळी त्यांचीच पिलावळ."

"म्हणजे गरमी नाई?"

"नाही हो. गरमीचीही तपासणी केली मी. तुम्हाला तसलं काहीच नाही."

पंचफुलानं पदर तोंडात कोंबला. हसू आणि रडू एकदमच फुटलं होतं. मग तिनं दाराकडे हाक मारली, "इकडं या नं!"

इंद्रभान आला. ती थांबत थांबत म्हणाली, "म्या तुमच्यावर शक घेतला."

त्याला क्षणभर काही उमगलं नाही. उमगलं तेव्हा तो खाटेच्या कडेवर बसला.

"एवढंच होतं? मले वाटलं, तुले मी नकोसा झालो. विचारलं तं असतं!"

"कसं विचारू?"

त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ घामानं गार झालं होतं.

कौशल्याबाईंनी दोघांनाही बजावलं: बरं वाटलं तरी गोळ्या शेवटपर्यंत संपवायच्या, भरपूर पाणी प्यायचं, लघवी कधीच दाबायची नाही. घरी आल्यावर इंद्रभाननं पहिलं काम केलं ते परसात आडोशाला तुरीच्या काड्यांचा कूड बांधण्याचं. पंचफुलाही शेतावर आता दोघी-तिघींना सोबत घेऊन नाल्याकडं जायची, लाजायची नाही.

तानाबाईला मात्र सगळ्यात मोकळं वाटलं. सुनेच्या त्या अबोल्यानं तिच्याही जिवाला घोर लागला होता. विहिरीवर कुणी "काय झालं होतं वं सुनेले?" असं विचारलं, की ती घागर खाली ठेवून ठसक्यात सांगायची, "जंतू होते पोटातले. तुह्याबी पोटात हायेत, माह्याबी हायेत. पाणी पेत जाय!"