खारीला उंबरा शिकवला

आमची कुत्री खारी दारातून पहिल्यांदा सुसाट पळाली, तेव्हा माझी दोन वर्षांची ऋता तिच्यामागे थेट फाटकापर्यंत गेली होती. नाहूरचं आमचं घर तळमजल्यावर. दारापासून फाटक पंधरा पावलं, फाटकाबाहेर रस्ता. शेजारच्या शकुमावशीने ऋताला फ्रॉकला धरून परत आणलं.

"तुझी कुत्री एक दिवस पोर घेऊन जाईल, बघ!"

दुसऱ्याच दिवशी मी खारीला उंबरा शिकवायला घेतला. दार उघडायचं, ती उठली की लावायचं. बसून राहिली तर चिकनचा तुकडा. रोज दुपारी, वीस-वीस वेळा. तिसऱ्या आठवड्यात दार सताड उघडं टाकून मी बाहेर उभी राहिले आणि शंभर मोजले. हलली नाही.

"झकास!" नितेश, माझा नवरा, म्हणाला. "आता मलाही शिकव घरी बसायला."

"तुझं एका तुकड्यात भागणार नाही रे."

दिव्याच्या वेळी मात्र खारी ग्रिलला बांधलेली आणि ऋता माझ्या कडेवर, हे ठरलेलं. तेव्हा सासूबाई दार उघडंच ठेवतात. लग्नानंतर एकदा मी लावलं होतं. "तिन्हीसांजेक दार लावतत काय गो? लक्ष्मी भायर रवतली!"

पण ते शंभर मोजल्यापासून मला जरा जास्तच धीर आला होता. गुरुवारी मी खारीला बांधलं नाही. 'थांब' म्हटलं, ऋताला खाली ठेवलं आणि कुकर बघायला आत गेले. सासूबाई देवापुढे डोळे मिटून बसल्या होत्या.

बाहेर आले तर खारी उंबऱ्याच्या आतच. शहाण्यासारखी बसलेली. फक्त सगळं अंग थरथरत होतं, आणि नजर फाटकावर.

ऋता घरात नव्हती.

इतके दिवस माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं, कुत्री पुढे आणि पोर मागे. पोर एकटीच निघेल हे मला सुचलंच नाही.

रिक्षावाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचली. मांडीचं हाड मोडलं. आता कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर आहे, सहा आठवडे. कूस बदलायलाही तिला कोणीतरी लागतं.

"समोरून पोरगी गेली, निदान भुंकायचं तरी ना!" नितेश सारखा म्हणतो. त्याचा मित्र जयवंत रविवारी खारीला घेऊन जाणार आहे.

दारात भुंकली की तुकडा नाही, हाही नियम माझाच होता. नितेश दुपारी कामावर असायचा, त्याला माहीत नाही. खारीला मी बांधलं होतं का, हेही त्याने विचारलं नाही. तिने गळपट्टा सोडवला असेल, असं त्यानेच धरून घेतलंय.

काल सासूबाई त्याला म्हणाल्या, "कुत्र्याक कित्याक घालवतस रे? दार मिया उघडा ठेवलंय. चूक माझी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ऋताला चमच्याने पेज भरवत होते. तोंड पुसलं तिचं, आणि पुढचा घास दिला.