कुलूपकाकांचा जांभळा दगड

“हा दगड तर जांभळट आहे,” तपासणीला आलेल्या बाई म्हणाल्या, “आणि वहीत लिहिलंय निळसर हिरवा.”

“शेजारचं वाचा ना. दुरुस्ती केलीय,” कुलूपकाका म्हणाले. “सही आहे, तारीख आहे.”

बाईंनी चष्मा सारखा केला. नोंद क्रमांक अकराशे चौऱ्याऐंशी. ‘निळसर हिरवा’ या शब्दांवर पट्टी धरून मारलेली सरळ रेघ, आणि बाजूला टपोऱ्या अक्षरात ‘जांभळट’. सही अठ्ठावीस वर्षांपूर्वीची.

“ही सही कोणाची?”

“माझीच की!” काका म्हणाले, आणि बक्षीस घ्यायला जावं तसे एक पाऊल पुढे झाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या संचालकांनी मान वर केली. साहेबांना या संग्रहालयात येऊन चार महिने झाले होते. तळघरात ते आज पहिल्यांदाच उतरले होते, तेही नाकाला रुमाल लावून.

कुलूपकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण निघताना तळघराचं कुलूप तीनदा ओढून बघायचं, फाटकापर्यंत जाऊन परत यायचं आणि चौथ्यांदा ओढायचं, ही त्यांची एकतीस वर्षांची रीत. त्यामुळे खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं. हर्नियाच्या ऑपरेशनला गेले तेव्हाही चाव्या उशाशी. नर्सने भूल द्यायच्या आधी त्या काढून ठेवायला सांगितल्या, तर म्हणाले, “मोजून घ्या, चौदा आहेत.”

तळघरात दगड होते दोन हजार तीनशे सोळा. काकांचं शिक्षण बेताचंच. शिपाई म्हणून लागले, आणि तेव्हा संग्रह सांभाळणाऱ्या जुन्या सरांनी त्यांना हाताशी धरून दगड शिकवले. त्यातही खण क्रमांक सत्तेचाळीस त्यांचा लाडका. त्यात एकाच जातीचे एकवीस दगड होते. स्कोरोडाइट. लोखंड, सोमल म्हणजे विषारी आर्सेनिक, प्राणवायू आणि आत कोंडलेलं थोडं पाणी. जमिनीतलं सोमलाचं खनिज हवापाण्याने कुजत गेलं की त्यातून हा तयार होतो. तापवला की लसणासारखा वास सोडतो, म्हणून नावही ग्रीक लोकांच्या लसणावरूनच पडलेलं. दिसायला देखणा पण अंगाने मऊ, चाकूच्या टोकाने सहज ओरखडा उठेल इतपत. एक जर्मनीतल्या सॅक्सनीचा, एक इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा, तपकिरी, एखाद्या ढेकळासारखा. तीन ब्राझीलचे, दोन ग्रीसचे, एक जपानमधल्या किउरा खाणीतला. काका स्वतः आयुष्यात आगगाडीने चार स्टेशनांपलीकडे गेले नव्हते, पण ही नावं शेजारच्या गल्ल्यांसारखी त्यांच्या तोंडात होती. आणि सगळ्यांचा राजा म्हणजे अकराशे चौऱ्याऐंशी, नामिबियातल्या त्सुमेब गावच्या खाणीतला, मुठीएवढा, टोकदार चकचकीत स्फटिकांचा.

“म्हणजे मूळचा दगड हिरवा,” संचालक सावकाश म्हणाले. “इथे आहे तो जांभळा. मधल्या काळात दगड कोणी बदलला? आणि बदलल्यावर वही कोणी बदलली?”

काकांना आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“साहेब, चोर कधी सही करतो का?”

“हुशार असला तर करतो.”

“अहो, मी हा पहिल्यापासून जांभळाच बघतोय!” काका म्हणाले. “सर गेले त्याच महिन्यात वरचं छत गळायला लागलं म्हणून सगळा संग्रह खाली आणला. चांगले दगड सरांनी आधीच स्वतःच्या हाताने कापसात बांधून ठेवले होते. मी डबे इथे उघडले. याच बल्बखाली. तेव्हाही जांभळाच होता. तीन वर्षांनी एकेक ओळ दगडाशी ताडून बघितली, तेव्हा ही चूक सापडली. मला वाटलं, म्हातारपणी सरांची नजर अधू झाली असेल.”

बाई विचारात पडल्या. त्या वाईट नव्हत्या. “हे बघा, मी दगडातली नाही, कागदातली आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ताबा घेतलात तेव्हाच हा जांभळा होता, एवढं लिहून द्या. म्हणजे बदल तुमच्या आधीच्यांच्या काळात झाला. ते हयात नाहीत. तुम्ही सुटलात.”

एक वाक्य लिहायचं होतं, आणि तेही खरंच होतं. सरांच्या मागे ना मूल ना बाळ, त्यांची बाजू घ्यायला कोण येणार होतं? काकांनी पेन हातात घेतलंसुद्धा. पण ज्या माणसाने आपल्याला फडकं सोडून भिंग धरायला शिकवलं, त्याला आपल्याच अक्षरात चोर ठरवायचं?

“सरांचं नाव यात येणार नाही,” त्यांनी पेन ठेवून दिलं. “जे लिहायचं ते माझ्या नावावर लिहा.”

“ठीक आहे,” संचालक म्हणाले. “उद्या अकरा वाजता पोलिसांना कळवू. चाव्या ठेवा टेबलावर.”

चौदा चाव्या टेबलावर पडल्याचा आवाज काकांना फाटकाबाहेरही ऐकू येत होता. सवयीने ते परत वळले, चार पावलं गेले, आणि मग आठवलं की ओढून बघायला कुलूप आपलं उरलेलंच नाही.

घरी बायको शिलाई मशीनवर बसली होती. तिच्या हातच्या शिवणाला गिऱ्हाइकांची रीघ असे. काकांनी पाच वाजता घरात पाऊल टाकलेलं पाहून तिने मशीन थांबवलं. एकतीस वर्षांत हे घडलं नव्हतं. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

“कर नाही त्याला डर कशाला?” ती आधी तडकून म्हणाली, आणि लगेच, “पण तुम्हाला कोणी सांगितलं होतं त्यांची वही दुरुस्त करायला? मोठे शहाणे!”

“अगं, तेच तर खातंय मला,” काका मटकन खुर्चीत बसले. “पोलिसांचं काही नाही. पण खरा दगड गेला असेल, तर सरांच्या हातून गेला की माझ्या? आणि कोणाच्याच हातून गेला नसेल, तर सरांना रंग कळत नव्हता असं मी वहीत लिहून ठेवलंय. रेघ मारताना मला इतकं बरं वाटलं होतं गं. गुरूची चूक पकडली म्हणून.”

तिने पाणी आणून दिलं. मग परत मशीनपाशी जाऊन एका कापडाला अस्तर लावून बघू लागली. बघता बघता उठली, कापड आणि अस्तर घेऊन दाराशी गेली, उंबऱ्यात उभी राहून दोन्ही उन्हात धरली, आणि तशीच थबकली.

“अहो, तो दगड उजेडात कसा दिसतो?”

“उजेडातच तर बघितला. बल्ब लावून.”

“बल्बला काय उजेड म्हणतात? मागच्या महिन्यात तुम्ही रीळ आणलंत ते विसरलात? दुकानात राखाडी, आणि घरी येईपर्यंत हिरवं. तेव्हाच सांगितलं होतं, दुकानातल्या दिव्याखाली रंग कधी घेऊ नये, दारात यावं.”

“दगड म्हणजे कापड नव्हे.”

“नसेना का. बघणारे डोळे तर तेच ना?”

संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावरचं सरांचं टेबल काकांच्या डोळ्यांपुढे आलं. भल्यामोठ्या खिडकीला लावलेलं. सर नोंदी तिथेच लिहीत, दिवसाउजेडी, दिवा लावायची वेळ झाली की पेन बंद. आणि हा एक दगड काकांनी त्या खिडकीत कधीच पाहिला नव्हता. त्यांनी पाहिला तो तळघरातच, ट्यूबचा प्रकाश लुकलुकतो म्हणून हौसेने जपून ठेवलेल्या जुन्या पिवळ्या बल्बखाली.

“पण बाहेर आणूनही जांभळाच निघाला तर?” त्यांनी विचारलं.

“तर मी घराला कुलूप लावून तुमच्याबरोबर चौकीत येईन,” ती म्हणाली. “आता जेवून घ्या.”

दुसऱ्या दिवशी अकराला दोघं संग्रहालयाच्या पायऱ्यांवर हजर होती. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी विनंती केली ती एवढीच, की दगड एकदा बाहेर उन्हात आणून बघावा.

“नमुना तळघराबाहेर न्यायचा नाही, असा तुमचाच नियम आहे ना?” संचालक म्हणाले.

“आहे. म्हणून परवानगी मागतोय.”

“बावीस पायऱ्यांनी काय बिघडतंय?” बाई म्हणाल्या. “बघू तर खरं.”

“पण यांनी हात लावायचा नाही,” संचालकांनी बजावलं, आणि तबक स्वतःच उचललं.

जिना चढताना काकांनी दगडाकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर साहेबांच्या बुटांवर होती. वरच्या दारात पहारेकरी दार धरून उभा होता. तबक उंबऱ्याबाहेर गेलं, ऊन दगडावर पडलं, आणि पहारेकरीच आधी ओरडला, “अहो काका! हा कुठला आणलात?”

दगड निळसर हिरवा होता. सरांनी लिहिला होता अगदी तसा, एका शब्दाचाही फरक नाही.

संचालक दगडाकडे बघत राहिले. मग वळले आणि तबकासकट तळघरात उतरले. दगड बल्बखाली जांभळा झाला. वर आले, हिरवा झाला. पुन्हा खाली गेले. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि रुमाल नाकावरून कपाळावर गेला होता.

“आता मी काय लिहू?” बाईंनी वही उघडली.

“लिहा, दिवसा निळसर हिरवा, पिवळ्या दिव्याखाली जांभळट,” काका म्हणाले. त्यांनी सरांच्या त्या ओळीवर, आपणच मारलेल्या रेघेवर बोट ठेवलं. “चुकलो, सर,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. “तुमची नजर शाबूत होती.”

डोळे भरून आले ते त्यांनी पुसले नाहीत. बायको पुढे आली. एकतीस वर्षं नवऱ्याने ज्याच्यासाठी घरी येऊन तीनदा साबणाने हात धुतले, ते तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

“हाच का तो?” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, केवढा मोठा असेल.” मग जरा वाकून बघितलं. “पण देखणा आहे हो. जपलात तुम्ही.”

काकांची मान आपोआप ताठ झाली. आयुष्यात त्यांना प्रशस्तिपत्रक असं मिळालं नव्हतं, आणि आता त्याची गरजही वाटली नाही.

“चला, झालं गेलं विसरून जा, काका,” संचालकांनी खिशातून चाव्यांचा जुडगा काढून पुढे केला. “घ्या.”

काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“अशा नाही घेता येणार, साहेब. काल संध्याकाळपासून चाव्या माझ्याकडे नव्हत्या. ताबा घेताना एकेक नमुना वहीशी ताडून घ्यायचा, देणाऱ्याने समोर उभं राहायचं, असा नियम आहे.”

“अहो, दोन हजार दगड आहेत!”

“दोन हजार तीनशे सोळा.”

“दोन दिवस जातील त्यात!”

“दोन दिवस दगडांना. तिसरा कागदाला.”

संचालकांनी मदतीसाठी बाईंकडे पाहिलं. बाईंनी ओठ घट्ट मिटून हसू आवरलं. “नियम आहे खरा,” त्या म्हणाल्या.

बायको घरी गेली, तिचं अस्तर तसंच राहिलं होतं. काका तळघरात आले, बाही दुमडली आणि वही उघडून स्टुलावर बसले. चाव्या साहेबांच्या हातात होत्या, तेव्हा कपाटंही त्यांनीच उघडायला हवी होती. पहिला खण सगळ्यात खालचा. साहेबांनी गुडघे टेकले.

“क्रमांक एक,” काकांनी वाचलं.

साहेबांनी कापूस बाजूला केला. “आहे.”

“रंग?”

साहेबांनी एकदा डोक्यावरच्या पिवळ्या बल्बकडे पाहिलं, एकदा दगडाकडे पाहिलं. मग गुडघे झटकत उठले, दगड तबकात ठेवला आणि मुकाट्याने जिन्याकडे निघाले.