मेक आउटचे पाच अर्थ

"सर, डोळे उघडा. ऑपरेशन झालं. सर, ऐकू येतंय ना?"

सरांनी डोळे उघडले नाहीत. सिस्टरने त्यांच्या कानाची पाळी चिमटीत धरून दाबली. कपाळावर साधी आठी उमटली नाही. ऑक्सिजनच्या मास्कवर वाफ धरत होती आणि विरत होती. म्हणजे श्वास चालू होता. रक्तदाब ठीक होता. बोटातून थेंबभर रक्त घेऊन तिने साखर तपासली, तीही ठीक. सगळं ठीक होतं आणि माणूस उठत नव्हता.

ऑपरेशननंतर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत ज्या खोलीत ठेवतात, तिथे ती कित्येक वर्षं काम करत होती. कोण किती वेळात जागा व्हायला हवा, याचा अंदाज तिला घड्याळ न बघता यायचा. सरांच्या मागून आणलेला ट्रक ड्रायव्हर केव्हाच जागा होऊन पाण्यासाठी भांडत होता.

भूलतज्ज्ञ मॅडम आत आल्या. "अजून नाही?"

"नाही, मॅडम."

"डोळ्यांच्या बाहुल्या?"

"दोन्ही सारख्या आहेत."

मॅडमनी स्वतः टॉर्च मारून पाहिलं. "भूल एव्हाना उतरायला हवी होती. वय आहे. मेंदूत गुठळी वगैरे गेली असेल तर उशीर करून चालणार नाही. मी स्कॅनला फोन करते. तू हाका मारत राहा."

गुठळी म्हटल्यावर ती पलंगापासून हलेना. कारण सरांना या पलंगावर तिनेच आणलं होतं.

हर्नियावर सर वर्षानुवर्षं पट्टा बांधून भागवत होते. ऑपरेशनचं नाव काढलं की वर्तमानपत्र उघडत. शेवटी काकूच, म्हणजे सरांच्या बायकोच, तिच्या घरी आल्या. "माझं मेलीचं कोण ऐकतंय? तू त्यांची विद्यार्थिनी. तू सांगून बघ." ती गेली. सरांसमोर खुर्चीत न बसता उभ्यानेच म्हणाली, "तासाभराचं काम आहे, सर. संध्याकाळी चहा पिताय बघा." सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "तू म्हणतेस म्हणून." आणि संमतीपत्रातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त करून त्यांनी सही ठोकली.

शाळेत पोरं त्यांना पाठीमागे 'दुरुस्ती' म्हणत. दुकानावरची पाटी असो की बारशाचं निमंत्रण, चूक दिसली की सरांना तिथून हलता येत नसे. सिस्टरच्या लग्नात आहेराचं पाकीट हातात देताना त्यांनी पत्रिकेतली चूक सांगितली होती, आणि शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला वाटलं होतं, आशीर्वाद चाललाय.

काकू आत्ता बाहेर बाकावर बसल्या होत्या. मघाशी दार उघडलं तेव्हा त्यांनी फक्त मान वर करून विचारलं होतं. "येतील हं," असं सांगून तिने दार लोटलं होतं. पुन्हा तोच शब्द देण्याची तिची हिंमत नव्हती.

"सिस्टर, तुमची ती युक्ती करा की," चादरी बदलणारी मावशी म्हणाली. "धंद्याची."

तिची युक्ती साऱ्या मजल्याला ठाऊक होती. नावाने हाक मारून जो उठत नाही, त्याला ती त्याच्या कामाने उठवी. मघाच्या ड्रायव्हरला ती म्हणाली होती, "गाडी काढा, मागे हॉर्न वाजतायत," आणि त्याचा पाय चादरीखाली क्लचवर गेला होता.

"मास्तरला काय, घंटा वाजवायची?" मावशी म्हणाली.

"गप गं." ती सरांच्या कानाशी वाकली. "सर, हजेरी घ्यायची आहे. वर्ग भरलाय."

काही नाही.

"सर, तपासनीस आलेत."

काहीच नाही. मग ती सरळ उभी राहिली, हात बाजूला घेतले आणि जे करायची तिला लहानपणापासून धास्ती होती, ते तिने सुरू केलं.

सर फळ्यावर एकच इंग्रजी क्रियापद लिहीत, शेपटासकट; शेपूट म्हणजे पुढे जोडलेलं 'अप', 'आउट' असं काहीतरी. क्रियापदाला शेपूट लागलं की त्याचा स्वभाव बदलतो, असं म्हणत. मग कुणाला तरी उभं करत. त्याने सगळे अर्थ सांगायचे आणि प्रत्येक अर्थाला दुसरा इंग्रजी शब्दही द्यायचा. चुकलं तर सर दुरुस्त करत. अडलं तर मात्र काहीच करत नसत. मारत नसत, ओरडत नसत. हातात खडू धरून वाट बघत. ती शांतता छडीपेक्षा वाईट होती. तिच्या वाट्याला 'मेक आउट' आलं होतं आणि ती चौथ्या अर्थावर अडली होती. तास संपेपर्यंत सर थांबले होते. या क्रियापदाचा आणखी एक, मुलामुलींच्या एकांतातला अर्थ सरांनी कधीच सांगितला नाही. तो वर्गाने शब्दकोशातून आपणहून शोधून काढला, आणि परीक्षेनंतर सगळ्यांच्या लक्षात तेवढाच राहिला.

"मेक आउट," ती म्हणाली. "एक. नीट न दिसणारं कसंबसं ओळखणं. डिसर्न. दोन. उमगणं, अर्थ लागणं. अंडरस्टँड. तीन. चेक, पावती लिहून देणं. राइट. चार…"

ती थांबली. सरही थांबलेच होते. पूर्वी ते खडू धरून थांबत, आता डोळे मिटून.

"चार. भासवणं, आव आणणं. प्रिटेंड." तिने घाम पुसला. "पाच. निभावणं, जमवून नेणं. मॅनेज."

पाचही अर्थ बरोबर होते. मास्कवर वाफ धरली, विरली.

बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजली. "स्कॅनवाले आले," मावशी हळूच म्हणाली.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. बरोबर उत्तराला सर कधी काय करत? काही नाही. पुढच्याकडे वळत.

"सर, पाचवा चुकला," ती मोठ्याने म्हणाली. या माणसासमोर जाणूनबुजून चुकायचं आजही तिच्या जिवावर येत होतं. "मेक आउट म्हणजे पळून जाणं. पोबारा करणं. एस्केप."

डाव्या भुवईचा कोपरा किंचित हलला, की तिला भास झाला?

दार उघडलं. स्ट्रेचर आत आलं, मागून मॅडम. "चला, उचला."

"एक मिनिट, मॅडम!" मॅडमना तिने आजवर कधी थांबवलं नव्हतं. ती जवळजवळ ओरडली, "पळून जाणं, सर! चोर मेक आउट झाला! बरोबर ना? लिहू फळ्यावर?"

सरांच्या कपाळावर आठी उमटली. एक, मग दुसरी. मास्कच्या आत ओठ चिकटले, सुटले.

"चूक," सर म्हणाले.

स्कॅनवाल्यांनी उचलायला घातलेले हात मागे घेतले.

"ऑफ," सर डोळे न उघडता म्हणाले. "पळणं… मेक ऑफ."

मॅडमनी पुढे होऊन दोन्ही हात दाबायला सांगितले. सरांनी दाबले, सारख्या जोराने. पाय हलवले. डोळे अर्धे उघडून ते दिव्याकडे रागाने बघू लागले. "स्कॅन राहू दे आत्ता. लक्ष ठेव," मॅडम म्हणाल्या. जाता जाता वळल्या. "हे काय होतं?"

"इंग्रजीचा तास, मॅडम," मावशीनेच सांगितलं.

सिस्टर पुन्हा सरांच्या कानाशी वाकली. पलंगाची दांडी धरून ती म्हणाली, "सर, मी… ओळखलंत?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं, आणि एकदम सलाइन लावलेला हात उचलून मास्कवरूनच तोंडावर धरला. तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

ती बाहेर गेली. काकू धडपडत उठल्या.

"उठले. बोलले."

"काय बोलले गं?"

"चूक म्हणाले."

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसतायत की रडतायत, ते दिसत नव्हतं.

"काकू, कवळी द्या त्यांची."

काकूंनी पिशवीतून निळी डबी काढून दिली. सिस्टरने आत येऊन कवळी धुऊन परत डबीत ठेवली, सरांचा मास्क उतरवला, डबी त्यांच्या हातात ठेवली आणि पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला. स्वतः बाहेर, पाठ करून उभी राहिली. आत झाकण उघडायची खटपट बराच वेळ ऐकू येत होती; बोटांना अजून ताकद आली नव्हती. रोज ती कितीतरी जणांच्या तोंडात आपल्या हाताने कवळी बसवी. मावशी पडद्याला हात घालायला गेली, तिने मान हलवून तिला थांबवलं.

दोघी तशाच वाट बघत उभ्या राहिल्या.