जकातीच्या कागदावरचे तीन आकडे

आलेइडा तेर्पस्ट्राची माफी मागायला मी तेवीस वर्षं घेतली. त्यातली वीस वर्षं मला माफी मागण्यासारखं काही झालंय हेच मान्य नव्हतं. उरलेली तीन आज जाऊ, उद्या जाऊ करण्यात गेली.

गोष्ट त्रेसष्ट सालची. इटलीत, आमच्या तलावाकाठी, सहा देशांनी मिळून अणुसंशोधनाची प्रयोगशाळा काढली होती. अठरा वर्षांपूर्वी एकमेकांवर बॉम्ब टाकणारी माणसं एका टेबलावर रिझोत्तो खात होती, आणि भांडण झालंच तर खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून व्हायचं. मी किरणोत्सर्ग मोजायच्या विभागात होतो. आलेइडा हॉलंडच्या प्रयोगशाळेतून सहा महिने शिकायला आली, तेव्हा आमच्याच घरी वरच्या खोलीत राहायची. माझ्या आईचा मक्याच्या पिठाचा पोलेंता ती दोनदा मागून घेई, त्यामुळे आई तिला सून करायला निघाली होती. तसलं आमच्यात काही नव्हतं. आम्ही एकमेकांच्या चुका काढायचो आणि त्यात आम्हाला मजा वाटायची.

ती परत गेली त्याच वर्षी सहा देशांच्या ब्रुसेल्सच्या कचेरीतून फर्मान आलं. कोबाल्टच्या तारेचा एक तुकडा शिशाच्या डब्यातून पाच देशांच्या प्रयोगशाळांत फिरेल. प्रत्येकाने तो आपल्या यंत्रावर मोजायचा आणि आकडा बंद पाकिटात पाठवायचा. सहावा देश लक्झेंबर्ग. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, त्यांचा माणूस बैठकीला आणि जेवणाला येई. अणुभट्टीचं पोलाद किती वर्षं टिकेल याचा हिशेब अशा मोजणीवर व्हायचा, म्हणून दुसऱ्याचा आकडा कोणी पाहायचा नाही, हा एकच नियम होता.

नियम करणाऱ्यांनी सगळा विचार केला होता, फक्त सीमेवरच्या जकातवाल्यांचा केला नाही. डब्यात किती किरणोत्सर्ग आहे हे लिहून दिल्याशिवाय ते गाडी सोडेनात. मग पहिल्या प्रयोगशाळेने आपला ताजा आकडा कागदावर लिहून दिला. दुसरीने तेच केलं, तिसरीने तेच.

चौथा नंबर माझा. मी तीन दिवस मोजलं. आकडा आला तीनशे अठ्ठ्याण्णव. गाडीचा ड्रायव्हर घाईत होता. पुढच्या प्रवासाचा कोरा फॉर्म त्याने माझ्यापुढे टाकला आणि त्याच्यावर मागचे तीन ठेवले.

"हे बघून भरा, साहेब. म्हणजे नाक्यावर खोळंबा होत नाही."

चारशे बारा. चारशे अकरा. चारशे तेरा.

आमची प्रयोगशाळा नवीन, यंत्र नवीन, मी सत्तावीस वर्षांचा. ते तिघे नावाजलेले. आमचे प्रमुख डॉक्टर झानोलेत्ती मला कालच म्हणाले होते, "ब्रोवेल्ली, इटलीवाल्यांना फक्त गाता येतं, असं त्या लोकांना म्हणू देऊ नकोस." माझंच कुठेतरी चुकलं असणार, असं मी स्वतःला पटवलं. पटायला फार वेळ लागला नाही. फॉर्मवर चारशे अकरा लिहिलं, पाकिटातही तेच टाकलं, आणि माझी खरी मोजणी खणात तळाला सारली.

ब्रुसेल्सला पाकिटं उघडली. चार आकडे भावंडांसारखे शेजारी शेजारी, आणि आलेइडाचा तीनशे सत्त्याण्णव. बैठकीत कोणीतरी म्हणालं की डच लोक किरणंसुद्धा काटकसरीने मोजतात, आणि सगळे हसले. मीही हसलो.

आठवड्याने तिचा ट्रंक कॉल आला.

"एर्मान्नो, मी चार वेळा मोजलं रे. चारही वेळा तेवढंच."

"यंत्र तपासलंस?"

"उघडून पुन्हा जोडलं. ऐक, त्या ड्रायव्हरने मला जकातीचे कागद दाखवायला आणले होते. मी ते न बघता पालथे ठेवले आणि फॉर्म पहारेकऱ्याकडून भरून घेतला. बाकीच्यांनी बघितले असतील, असा मला दाट संशय आहे. इकडे साहेब म्हणतात, चूक कबूल कर नाहीतर विभाग बंद होईल. मी भांडायला तयार आहे. फक्त तू सांग. चारशे अकरा तुझ्या यंत्रावर आला?"

दाराशी झानोलेत्ती उभे होते. पण त्यांच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. ते नसते तरी मी तेच बोललो असतो.

"हो," मी म्हणालो. "माझ्याच यंत्रावर."

मग ती म्हणाली, "बरं झालं विचारलं. उगाच हसं करून घेतलं असतं."

तिने चूक लिहून दिली आणि महिन्याभरात नोकरी सोडली. आल्कमार गावच्या शाळेत शिकवते असं पुढे कळलं. मला बढती मिळाली, पुढेही मिळतच गेली.

तीन वर्षांपूर्वी पहिल्या प्रयोगशाळेने आपलं जुनं यंत्र मोडीत काढलं. तेव्हा लक्षात आलं की तार ठेवायची बैठक मोजणाऱ्या भागाला आराखड्यापेक्षा दोन मिलिमीटर जवळ होती. त्यांचा आकडा सुरुवातीपासून जास्त येत होता. एका पत्रकाच्या तळाशी दोन ओळींत ही दुरुस्ती छापली. मी ती वाचली आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

शेवटी या वसंतात निघालो. बॅगेत चीज भरताना बायको, पिनुच्चा, म्हणाली, "माफी मागायला चाललायस की दुकान मांडायला?"

आलेइडाने दार उघडलं. केस पांढरे, पाठ ताठ. तिने कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलायला लागली.

"मी मुलांना नेहमी तुझी गोष्ट सांगते, एर्मान्नो. स्वतःच्या हातावर फार विश्वास ठेवू नका म्हणते. मी ठेवला होता, आणि एका मित्राने वेळेवर खरं सांगून मला वाचवलं."

मी कप खाली ठेवला. आता नाही बोललो तर मेलो तरी बोलणार नाही, हे मला कळत होतं.

"माझा आकडा तीनशे अठ्ठ्याण्णव होता, आलेइडा. मी कागद बघितले आणि बदलला. तू बरोबर होतीस. दोन मिलिमीटरची चूक त्यांची होती."

तिने आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. मला ते सोसेना, म्हणून जे बोलायचं नव्हतं तेच बोललो.

"सगळ्यांनीच केलं गं तसं. दुसऱ्याने, तिसऱ्याने. मी एकट्याने नाही."

"त्यांचं मला नको सांगूस," ती म्हणाली. "फोन मी तुला एकट्यालाच केला होता."