खोक्यावरचं 'खाली'

मीच लिहिलं होतं. माझ्याच हाताने, जाड मार्करने, चार बोटं उंच अक्षरांत: खाली. आता कपाळ कुणापुढे बडवून घेऊ?

नव्या घराला दोन मजले. वर मी आणि माझा कॉम्प्युटर, खाली आईचं शिवणकाम, कारण तिचे गुडघे तिला जिना चढू देत नाहीत. म्हणून बांधाबांध करताना मी अर्ध्या खोक्यांवर 'वर' लिहिलं, अर्ध्यांवर 'खाली'. टेम्पोवाल्याशी ठरलं होतं की सामान लावून झालं की रिकामी खोकी आणि त्यातली रद्दी त्याने भंगारात टाकायची. त्याने इमानेइतबारे टाकली. त्यात आईच्या पेपर कटिंगचं उघडं खोकंही गेलं.

तिची तीस वर्षांची गिऱ्हाइकं त्या खोक्यात होती. जुन्या वर्तमानपत्रांवर आखून कापलेल्या पाठी, पुढच्या बाजू, बाह्या, कॉलरी, प्रत्येक प्रकाराची चळत वेगळी, प्रत्येक कागदावर पेन्सिलीने मापं. वर्षभरापूर्वी आईचा उजवा डोळा गेला, डावा कुरकुरत चालतो. नवं आखणं तिला जमत नाही. जुना कागद कापडावर ठेवायचा आणि त्याच्या कडेकडेने, बोटांच्या अंदाजाने कात्री चालवायची, एवढंच उरलंय. कागद गेले म्हणजे मशीन बंद. आणि मशीन बंद पडलं की ही बाई खिडकीत बसून वाळत जाणार, हे मला कुणी सांगायला नको.

टेम्पोवाल्याला फोन करून मी तोंडाचा पट्टा सोडला. तो मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "ताई, तुम्हीच लिहिलं ना खाली? आत नुसता पेपर होता. मला वाटलं, काही नाही."

झालं! हिंदीत खाली म्हणजे रिकामं. त्यांचा खाली अरबीतून आलेला, आपला खालवरमधला. दोघांचं ना नातं ना गोतं, नुसता तोंडावळा एक. आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही. पंपापासून मिक्सरपर्यंतची माहितीपत्रकं हिंदीतून मराठीत आणून मी पोट भरते. टाकी रिकामी ठेवायची होती तिथे 'टाकी खाली ठेवा' करणाऱ्या एका नवख्या मुलीला गेल्याच महिन्यात मी अर्धा तास फैलावर घेतलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

भंगारवाला म्हणाला, अर्धा माल सकाळीच गेला, उरलेला ढीग हा असा, बघा. दोन तास बघितला. जगभरची रद्दी हाती लागली, आईचं एक चिटोरं नाही.

आई चिडली असती तर परवडलं असतं. ती मला आधी जेवून घे म्हणाली आणि मशीनवर चादर घातली. मला स्वतःचा इतका संताप आला की एक कोरं खोकं ओढून त्यावर 'आई' लिहिलं आणि तिच्या खोलीत नेऊन आदळलं. त्यात काय ठेवणार होते, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पोवाला दारात उभा. हात कोपरापर्यंत काळे, काखेत सुतळीने बांधलेला गठ्ठा. भंगारवाल्याची बोलणी खात सकाळपासून ढीग उपसत होता म्हणे. कालचं सगळं गिळून मी त्याला आईच्या खोलीत घेऊन गेले. गठ्ठा ठेवायला तो खोक्यापाशी वाकला, वरचा शब्द वाचला आणि बावरून विचारलं, "कौन आई?"

त्याच्या भाषेत आई म्हणजे आली. मी डोक्याला हात लावला.

आईने मात्र गठ्ठा मांडीवर घेतला, सुतळी सोडली आणि एकेक कागद कडेने चाचपत त्याला उत्तर दिलं.

"बाही आली. कॉलर आली. ही शाळेतल्या बाईंची पाठ आली."

तो खूश होऊन मान डोलवत होता. कागद संपले तरी तिची बोटं मांडीवर चाचपतच राहिली.

"पुढची बाजू नाही आली रे," ती म्हणाली. "कुणाचीच नाही आली."