दाताचं कलम

प्रभंजन वकील हात उगारायचा तो कायद्याला विचारून. हुबळीच्या केशवापुरातल्या त्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याच्या बायकोला, हेमावतीला, तर तोंडपाठ होतं. भात कालवत तो रोज प्रवचन द्यायचा, "उघडा पंजा. मूठ नाही, काठी नाही. साधी दुखापत, अदखलपात्र. पोलीस एक ओळ लिहितात आणि कोर्टाकडे बोट दाखवतात. पण हाड मोडलं किंवा दात मोडला, तर गंभीर दुखापत! सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि त्याला मुदतसुद्धा नाही. वीस वर्षांनीही खटला चालतो." कायद्याचं नवं पुस्तक आलं, कलमांचे आकडे बदलले, दात मात्र जागेवरच राहिला, म्हणून स्वारी खूश होती. असल्या माणसाला लोक समारंभात हार घालतात, हे आणखी एक.

हेमावती ऐकत असायची आणि उजव्या बाजूने चावत असायची. डावीकडे वरचा एक दात अर्धाच होता. न्हाणीत पाय घसरून पडली, असं तिच्या माहेरीसुद्धा माहीत होतं.

त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. हुबळीत पाणी येतं तेव्हा सण असतो आणि भांडणही. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीचा, सावनीचा, व्हॉल्व्ह प्रभंजनने बंद करून ठेवला होता, कारण तिने घर सोडावं अशी त्याची इच्छा होती. सावनी सरकारी शाळेत नुकतीच लागलेली, अजून कायमसुद्धा न झालेली मुलगी. ती तरातरा खाली आली आणि तिने व्हॉल्व्ह उघडला. प्रभंजनने तिच्या थोबाडीत दिली. उघड्या पंजाने, अर्थातच.

"जा की पोलिसात," तो म्हणाला. "एक ओळ लिहून घेतील."

सावनी पोलिसात गेली नाही. तिने तिथल्या तिथे, शेजारपाजाऱ्यांदेखत, त्याच्या थोबाडीत दिली, आणि अशी दिली की वकिलाच्या पुढच्या दातांत खिंडार पडलं. ओठ फुटला. प्रभंजनने जिभेने ती जागा चाचपली आणि तो चक्क हसला. हे हसू नळाशी बादली भरणारी हेमावती ओळखत होती.

"दात!" तो ओरडला. "सगळ्यांनी बघितलं ना? दात पाडला माझा हिनं!"

दात गटारात गेला, असं त्याने ठरवून टाकलं. तो गेला होता हेमावतीच्या बादलीत. पाणी ओतताना तिला सापडला, गुलाबी पट्टीवर बसवलेला, तारेच्या आकड्यांचा. रात्री तो वाटीतल्या पाण्यात ठेवायचा आणि सकाळी घासून नवऱ्याच्या हातात द्यायचा, हे तिचंच काम. हा दात खोटा आहे, हे बसवणाऱ्या डॉक्टरांशिवाय त्या दोघांनाच माहीत होतं. तिने तो पदराच्या गाठीत बांधला. का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात सावनी बाकावर बसली होती. रडून डोळे सुजले होते. अटक झाली की निलंबन आणि निलंबनामागून नोकरी जाणार, हे प्रभंजनने तिला ऐकवून ऐकवून बेजार केलं होतं.

"माझी बायको समोर होती. तिची साक्ष घ्या, सही घ्या, मग मला दवाखान्यात पाठवा," तो फौजदाराला म्हणाला. बायकोकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांत तशी गरजच पडली नव्हती.

"हेळ्री अक्का," फौजदार म्हणाला. "सांगा, दात पडताना तुम्ही बघितला?"

"अक्का," सावनी एवढंच म्हणाली.

खरं बोललं तर घरी गेल्यावर काय होईल, ते हेमावतीला लख्ख दिसलं. भीती वाटली. मग त्या भीतीचाच तिला असा संताप आला की तिने गाठ सोडली आणि दात टेबलावर ठेवला.

"हा पडला, साहेब. बसवलेला आहे. यांचा स्वतःचा किडून कधीच गेला. हा रोज मीच घासते."

कोपऱ्यातला हवालदार खोकल्याच्या आडून हसला. फौजदाराने पेनाने दात उलटा केला आणि समोरचा कागद बाजूला सारला.

"वकीलसाहेब, तारेचा दात कलमात बसत नाही की. तुम्ही हिला मारलं, हिनं तुम्हाला. दोघांची एकेक ओळ. जा ताई, घरी जा."

प्रभंजनचा चेहरा काळाठिक्कर पडला. "तू घरी चल," तो बायकोला म्हणाला. "बघतो तुला."

आता तो तिच्याकडे बघत होता. हेमावती उठली नाही.

"साहेब, कागद ठेवून देऊ नका. अजून एक दात आहे." तिने बोटाने ओठ वर केला. "हा माझा आहे, जन्माचा. न्हाणीत पडले म्हणून सगळ्यांना सांगितलं. पडले नव्हते. यांनी पितळी तांब्या मारला होता. उघड्या पंजाची हुशारी यांना तेव्हा सुचली नव्हती."

"जुनी भानगड आहे ती!" प्रभंजन किंचाळला. "मुदत गेली तिची!"

"या गुन्ह्याला मुदत नाही," हेमावती म्हणाली. "जेवताना तुम्हीच सांगता की, अहो."

फौजदाराने कागद पुन्हा पुढे ओढला आणि तारीख विचारली. तिला ती आठवावी लागली नाही.