सुचिनची रिकामी जागा

लानफांगचा फोन आला तेव्हा गुइझी नातीला राळ्याची पेज भरवत होती. पडद्यावर नेहमीसारखं लानफांगचं अर्धंच तोंड दिसत होतं.

"अगं, सुचिन जिन्यावरून घसरली. गुडघा गेला. परवा आम्ही छिंगहाईला निघतोय, सायकलने तलावाला पुरा वळसा! तिची जागा रिकामी झालीय. येतेस?"

"परवा?"

"नाहीतर काय, पुढच्या जन्मी?"

मागून यूनशिया खिदळली. या सगळ्याजणी लुओयांगच्या बेअरिंगच्या कारखान्यातल्या. उभा जन्म एका रांगेत सायकली हाणत कामावर गेलेल्या. निवृत्त झाल्यावर त्याच सायकली घेऊन गावोगाव भटकायला लागल्या. मग गुइझीच्या मुलाला, मिंगरुईला, सूचौमध्ये मुलगी झाली आणि गुइझी "चार महिन्यांसाठी" इकडे आली. नवरा आधीच गेलेला, मागे कुणी वाट बघणारं नव्हतं. आता नुओमी चालत होती, बोलत होती, वाद घालत होती. ते चार महिने मात्र काही संपले नव्हते.

दुपारी नुओमी झोपली तशी गुइझीने स्वयंपाकघराचं दार लोटून पुन्हा फोन लावला.

"पहिल्या दिवशी थोडंच चालवायचं," ती म्हणाली. "उंचावर दम लागतो. आणि वारा कुठून असतो ते आधी विचारा कुणाला तरी."

"आली बाई मुकादमीण!" लानफांग ओरडली. "हे बघ, गाडी एकच आहे. तू सूचौला बस, आम्ही लुओयांगला चढतो. तिळाच्या रोट्या घेऊन येते. ताज्या."

"मोहरी फुललीय म्हणे सगळीकडे," यूनशिया म्हणाली. "पिवळंच पिवळं."

गुइझीला हसू आवरेना. आपला आवाज आपल्यालाच ओळखू येत नाहीये, असं तिला वाटलं.

फोन ठेवला आणि ती तडक गच्चीत गेली. सायकलीवर वाळत घातलेली दुपटी उचलली, सायकल बैठकीत आणून उलटी ठेवली आणि पुढचं चाक काढायला घेतलं. चाकं सुटी करून पिशवीत भरली की सायकल रेल्वेत नेता येते. नट गंजले होते, पण हात काही विसरले नव्हते.

"आई, हे काय चाललंय?"

ती दचकली. टीव्हीवरच्या कॅमेऱ्यातून मिंगरुई बोलत होता, ऑफिसातून. नुओमीवर लक्ष असावं म्हणून त्याने तो बसवला होता.

"काही नाही रे. तेल घालतेय."

"फरशीला डाग पडतील हं."

"कागद घालते."

तिने खरंच कागद घातला. मग बराच वेळ ती चाक मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. मुलाशी आपण खोटं का बोललो, हे तिचं तिलाच कळेना.

रात्री जेवताना तिने विषय काढला. "लानफांग वगैरे परवा सायकलने निघतायत. मलाही विचारत होत्या."

मिंगरुईने भातातून मान वर केली. "या वयात? तिथे हवा विरळ असते, आई." मग पुन्हा वाडग्याकडे वळत म्हणाला, "पाहू."

सून पेइशान मात्र लगेच म्हणाली, "जा ना आई. मी रजा मागते." पण म्हणताना तिचा चेहरा पांढरा पडला. बाळंतपणानंतर ती कामावर परतली तेव्हा तिची जागा दुसऱ्याला दिलेली होती. आताची नवी जागा तिने कशी टिकवली होती, ते गुइझी रोज बघत होती.

पेइशानने आपल्या आईला फोन लावला. त्या वूहानला, थोरल्या मुलाकडे. तिकडून एक पोर रडत होतं, दुसरं ओरडत होतं. "मी कशी येऊ गं? इथे दोघं गळ्यात आहेत माझ्या," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात, "विहीणबाई आहेत का तिथे? विहीणबाई, तुम्ही जायला हवं होतं हो."

'जायला हवं होतं.' म्हणजे जाणं हुकलंच, असं त्यांनी धरूनही टाकलं होतं.

गुइझीने सगळ्यांकडे पाहिलं. कुणी हाताला धरून ठेवलं असतं तर हिसडा देऊन सुटता आलं असतं. इथे तर सगळेच आपापल्या जागी तिच्याइतकेच घट्ट अडकलेले.

"राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी जाईन."

"बघ हं, तू स्वतःच म्हणालीस," मिंगरुई म्हणाला आणि त्याने सुटकेने तिच्या वाडग्यात माशाचा मऊ तुकडा वाढला.

लानफांग फोनवर भडकली. "पुढच्या वर्षी कुणाचा गुडघा जाईल काय माहीत! कारखान्यातून सुटलीस ती दुसऱ्या पाळीत अडकलीस. आणि इथे तर सुटीचा भोंगाही होत नाही." पण फोन ठेवता ठेवता म्हणाली, "रोट्या तुझ्या वाटणीच्याही घेतल्यात मी. मूर्ख बाई."

गुइझीने चाक पुन्हा बसवलं. दुपटी परत सायकलीवर गेली.

आठवडाभराने, नुओमीचे केस धूत असताना फोन वाजला. लानफांग होती, पण बोलणं काही कळेना. नुसता घोंघों वारा, मध्येच कुणाची तरी घंटी, मध्येच तुटका शब्द.

"...निळा... गुइझी, ऐकू येतंय का?"

"येतंय!" गुइझी ओरडली. "बोल तू. बोलत राहा."

साबणाच्या हातानेच तिने फोन कानाशी घट्ट धरला.

"कोण आहे, आजी?" नुओमीने विचारलं.

"वारा आहे," गुइझी म्हणाली. "जरा गप्प बस. ऐकू दे मला."